तालुका कोर्टातला उबुंटू

सकाळी ८:०५

धुळ्याहून जळगावकडे निघालेली गाडी. आम्ही रोजचे अपडाऊनवाले ठरलेल्या जागा धरून बसतो. तलाठी, बँकेतले दोघं, जिल्हा परिषदेचे चार-पाच गुरुजी, आणि कोर्टातला मी. डिसेंबरातली धुळ्याची थंडी अंगात भिनलेली असते, त्यामुळे स्टँडपासून फागण्यापर्यंत फारसं कुणी बोलत नाही. मुकटी मागे पडली की कापसाचे ट्रॅक्टर लागतात, गाडीचा वेग बैलगाडीवर येतो आणि माना मोबाइलमध्ये जातात. गुरुजींना कुठली तरी ऑनलाइन माहिती ‘आज दुपारी बारापर्यंत’ भरायची असते. आदल्या रात्री दहाला ग्रुपवर आलेली.

सगळ्यांच्या हातात अँड्रॉइडचे फोन, म्हणजे आतून लिनक्सच. पण आमच्या कोर्टात लिनक्सवर काम चालतं म्हटलं, की हेच लोक म्हणतात, “अवघड असेल ना भाऊसाहेब ते?” खिशात चालतं, टेबलावर आलं की अवघड होतं.

९:४५

कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीशेजारी वकिलांच्या टायपिस्टांची टेबलं लागलीत. आत शिपायानं दारं-खिडक्या उघडल्यात. मी बेंच क्लार्क. न्यायाधीश साहेबांच्या समोरच्या टेबलावर बसतो आणि शिवाय संगणक अडला की मला हाक मारतात. जिल्ह्याला प्रशिक्षण झालं, तिथून परत आल्यावर हे दुसरं काम आपोआप गळ्यात पडलं. त्याचा भत्ता नाही.

बटण दाबलं, पडदा उजळला, पासवर्ड टाकला. देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत सकाळ अशीच उगवते. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीनं ई-कोर्ट प्रकल्पात मुक्त स्रोत प्रणालीच वापरायच्या असं ठरवलं, आणि २०१५ मध्ये १,६७० कोटींचा दुसरा टप्पा मंजूर झाला तेव्हा उबुंटू ही लिनक्स प्रणाली आणि लिब्रेऑफिस आमच्यासारख्या तालुक्यांत रुळलं. खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली पुण्याच्या एनआयसीनं बांधली, तीही मुक्त स्रोतावरच. न्यायाधीशांच्या लॅपटॉपवरसुद्धा उबुंटूच आलं. त्यामुळे ‘हे आमच्यासाठीच का?’ असं म्हणायची सोय कुणालाच राहिली नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्र सरकारनंही धोरण काढलं होतं की सरकारी कामात मुक्त स्रोताला प्राधान्य द्यावं. दुसरं काही घ्यायचं तर कारण नोंदवावं. आता कारण नोंदवण्यात सरकारी माणूस कधी कमी पडलाय? आजूबाजूच्या कार्यालयांत डोकावलं तर त्या धोरणाचा मागमूसही लागत नाही. कोर्टात ते झालं, कारण इथे प्राधान्य वगैरे शब्द नव्हता. यंत्रं आली तीच उबुंटू घेऊन.

१०:२०

“बोर्ड लागला का?” वकिलांचे कारकून येऊन विचारू लागतात. आजच्या खटल्यांची यादी म्हणजे बोर्ड. तो आदल्या संध्याकाळीच तयार होतो, मोबाइलच्या ॲपवरही दिसतो, तरी कागदावर छापून भिंतीला लागल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही. माझाही नाही.

छापायला घेतला आणि प्रिंटर मुका. उबुंटूबद्दलची पहिली तक्रार कुठल्याही कोर्टात विचारा, प्रिंटरचीच असेल. खरेदी करणारा निविदेतली किंमत बघतो. लिनक्ससाठी ड्रायव्हर मिळतो का, हे यंत्र खोक्यातून बाहेर काढल्यावर कळतं. काही कंपन्या नीट देतात, काही देतच नाहीत, काही असा देतात की प्रणालीची पुढची आवृत्ती आली की तो बंद. माझ्या टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी आहे. छपाईची रांग उघडा, अडकलेलं काम काढून टाका, प्रिंटर ‘थांबलेला’ दिसत असेल तर पुन्हा सुरू करा, केबल काढून घाला, आणि मग मला हाक मारा. आज दुसऱ्याच पायरीला काम झालं. कालच्या एका पानाच्या नकलेनं सगळी रांग अडवून धरली होती. कागद ए-फोर, आणि फाइलमध्ये लीगल.

११:००

साहेब आले, सगळे उभे राहिले, पुकारा सुरू.

खटला पुकारला की मी सीआयएसमध्ये तो उघडतो: आज काय झालं, पुढची तारीख, ती कशासाठी. पूर्वी हे रोजनाम्यावर आणि डायरीत हातानं चढायचं. आताही रोजनामा आहेच, पण तारीख पडली की ती संगणकात गेली आणि संध्याकाळपर्यंत पक्षकाराच्या मोबाइलवर पोचली. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो. तो ॲपमध्ये टाकला की खटल्याची कुंडली बाहेर येते: कधी दाखल झाला, किती तारखा पडल्या, कोणत्या कारणानं तहकूब झाला. ‘वकील गैरहजर’ हे पाच वेळा ओळीनं वाचल्यावर पक्षकार आपल्या वकिलाला काय विचारत असेल, ते मला माहीत नाही, पण वकीलमंडळी आता माझ्याकडे येऊन हळूच म्हणतात, “भाऊसाहेब, कारण जरा नीट लिहा.”

पुकाऱ्याच्या गर्दीत एक म्हातारी टेबलाशी आली. “भाऊ, मन्ही तारीख लागनी का? मोबाइलवर मेसेज उना, पन वाचता येस नही.” मेसेज इंग्रजीत. तिच्याकडे चुरगळलेला कागद होता, त्यावर नातवानं पेननं मोठ्या अक्षरांत सीएनआर लिहिलेला. तो टाकला. तारीख आजची नव्हतीच, पुढच्या महिन्याची होती. तीस किलोमीटरवरून आली होती. मी तारीख त्याच कागदावर मराठीत लिहून दिली आणि खाली महिन्याचं नाव अधोरेखित केलं.

मुक्त स्रोताचं कौतुक करणारे म्हणतात की प्रणाली कुणालाही बदलता येते. येतही असेल. त्या म्हातारीच्या मेसेजची भाषा बदलणं मात्र या टेबलावरून होत नाही, आणि माझ्या वरच्या टेबलावरूनही नाही.

१२:४०

बांधाच्या वादात साक्ष. खानदेशात निम्मे दिवाणी दावे बांधाचे आणि वाटणीचे, उरलेले रस्त्याचे. साक्षीदार म्हणाला, “साहेब, त्यानी बांध कोरी टाका.” साहेब विदर्भातले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी “कोरला” म्हणालो, आणि लघुलेखक बाईंच्या पडद्यावर ‘प्रतिवादीने बांध कोरला’ उमटलं. अहिराणी साक्षीची मराठी होते ती इथे, दोन सेकंदांत.

बाईंचा हात भारी चालतो. उबुंटू आलं तेव्हा खरं भांडण झालं ते कळांच्या मांडणीवरून. आमच्या सगळ्यांची टायपिंगची परीक्षा, मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द मिनिटाला, रेमिंग्टनच्या मांडणीवर झालेली. बोटांना तेच वळण. नव्या यंत्रावर मराठी निवडलं की इनस्क्रिप्ट समोर यायचं. एक जुने कर्मचारी दोन दिवस गप्प बसले, तिसऱ्या दिवशी रजेवर गेले. सेटिंगमध्ये रेमिंग्टनचीही मांडणी आहे, ती जोडून घ्यावी लागते, एवढं सांगायला जिल्ह्याहून माणूस आला. आला, बसला, प्रत्येकाच्या यंत्रावर ती जोडून दिली, आणि भांडण संपलं. प्रशिक्षणाच्या जाड पुस्तिकेत ते होतंच, पण ती कोण वाचतं?

२:००

कोर्ट उठलं. डबे उघडले. कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कुणाकडे भरीत. हिवाळ्यात जळगावच्या वांग्यांचं भरीत डब्यात नसेल तर त्या माणसाची बदली खानदेशाबाहेर करावी.

अधीक्षक साहेब निवृत्तीला आलेत. त्यांचं ठाम मत आहे की सॉफ्टवेअरमध्ये काही नसतं, सवय असते. एमएस-सीआयटी हे संगणक-प्रशिक्षण २००१ पासून गावोगाव चाललं, नोकरीला ते लागतंच, आणि ते शिकवलं गेलं विंडोजवर. म्हणून सगळ्या महाराष्ट्राला संगणक म्हणजे विंडोज वाटतो. मग ते अमळनेरवर येतात, दर वेळी येतात: “अरे, विप्रो कुठली? आपल्या अमळनेरची. १९४५ ला तेलाचा कारखाना निघाला. तेल गाळता गाळता सॉफ्टवेअर झालं. आणि आपण इथे प्रिंटरची केबल काढून घालतोय.”

नवा कनिष्ठ लिपिक केरळचं सांगत होता. तिथला आयटी ॲट स्कूल प्रकल्पही २००१ सालचाच. सुरुवातीला पाठ्यपुस्तकात एकाच कंपनीची प्रणाली शिकवायची होती, तेव्हा शिक्षकांच्या संघटनेनंच आवाज उठवला. पुढं तिथल्या सरकारी शाळांचे संगणक मुक्त स्रोतावर गेले, दहावीची संगणकाची परीक्षासुद्धा त्यावरच होऊ लागली. २०१७ मध्ये त्या प्रकल्पाची काइट नावाची सरकारी कंपनी झाली, आणि पुढच्याच वर्षी शाळाशाळांतून लिटिल काइट्स म्हणून मुलांचे गट उभे राहिले. शाळेतली यंत्रं सांभाळायलाही ही मुलं मदत करतात. “आणि मास्टर ट्रेनर कोण? शाळेतलेच शिक्षक. बाहेरचा ठेकेदार नाही,” तो म्हणाला.

महाराष्ट्रानं सुरुवातच केली नाही असं नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैरात धनगरवाड्यावर मुलांच्या हातात हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले होते, जगभर गाजलेल्या ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ योजनेतले. आतून लिनक्सच. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये त्याआधीपासून मराठी अक्षरांवर आणि मराठीकरणावर काम चाललेलं होतं. आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ मराठीतही आहेत, लिब्रेऑफिस शिकायला मी स्वतः तेच लावले. डोकी होती, माणसं होती. शाळेपर्यंत पोचणारी साखळी नव्हती. आमच्या कोर्टांत वरून हुकूम आणि शेजारी माणूस दोन्ही एकदम आले, शाळांच्या वाट्याला दोन्हींपैकी काही आलं नाही.

एवढ्यात बायकोचा फोन. ती धुळे तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर आहे. “अहो, ते पुन्हा आलंय.” ते म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातली ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ ही पुसट अक्षरं, आणि त्याबरोबर काळी पडलेली पार्श्वभूमी. धुळे जिल्ह्यात २०१६ च्या आसपास लोकवर्गणीतून शाळा डिजिटल करण्याची लाट आली. गावांनी पैसे काढले, प्रोजेक्टर लागले, भिंती रंगल्या. तो उत्साह खरा होता, मी डोळ्यांनी पाहिलाय. पण यंत्रात जी प्रणाली भरून दिली तिच्या परवान्याचं कुणी विचारलं नाही. आता यंत्र हळू झालंय, विषाणू भरलेत, आणि दुरुस्त करणारा तालुक्याहून येतो तेव्हा पुन्हा तेच भरून देतो. गंमत अशी, की त्याच वर्गात ती मोबाइलवर पुस्तकातला क्यूआर कोड धरून दीक्षा या सरकारी ॲपवरचा व्हिडिओ दाखवते, आणि २०१७ साली आलेलं ते दीक्षा सनबर्ड या मुक्त स्रोतावर उभं आहे.

“संध्याकाळी बघू,” म्हणालो. भरीत गार झालं होतं.

३:१५

वाटणीच्या दाव्यात निकाल लागलाय, हुकूमनामा तयार करायचा. त्यात मिळकतीचं वर्णन आणि चतुःसीमा जशाच्या तशा हव्यात: पूर्वेस अमुक गट, पश्चिमेस नाला, दक्षिणेस गाडरस्ता, उत्तरेस चुलतभावाचं शेत. गट नंबरात एक आकडा चुकला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज येतो आणि तोवर तलाठी नोंद घेत नाही.

दावा जुना. वादीच्या वकिलांनी सौजन्यानं दाव्याची मूळ फाइल पेन ड्राइव्हवर दिली, म्हणजे पुन्हा टंकायला नको. उघडली तर मिळकतीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि टोपीवाल्या चिन्हांचा चिवडा. युनिकोडच्या आधीचा फाँट. त्या काळच्या मराठी फाँटांत ‘क’च्या जागी खरं तर एखादं इंग्रजी अक्षरच साठवलेलं असे, फक्त चित्र ‘क’चं दिसे. फाँट गेला की चित्र गेलं. युनिकोड हे सरकारी कामाचं मानक म्हणून २००९ मध्येच जाहीर झालं, पण कोर्टाबाहेरच्या टेबलांवर जुनं अजून चालतं, कारण टायपिस्टची बोटं त्यावर बसलेली आहेत आणि त्याला कुणी शिकवायला येत नाही.

रूपांतर करणाऱ्या साधनातून मजकूर काढला. नव्वद टक्के बरोबर आला. उरलेल्या दहामध्ये जोडाक्षरं, रफार आणि आकडे. आकड्यांसाठी मी आणि बाई समोरासमोर बसलो, मी मूळ कागदावरून मोठ्यानं वाचायचं, त्यांनी पडद्यावर बोट ठेवायचं. “गट नंबर एकशे चव्वेचाळीस ऑब्लिक दोन.” “ऑब्लिक दोन.” कितीही सॉफ्टवेअर बदलो, हे असंच होणार.

मग बाईंना त्याच गावचा एक जुना निकाल नमुन्यासाठी हवा होता. गाव कुऱ्हे. शोधाच्या चौकटीत ‘कुऱ्हे’ टंकलं, संगणक म्हणाला, नाही. फाइल डोळ्यांसमोर होती, पहिल्याच ओळीत ‘कुऱ्हे’ होतं. पुढच्या अक्षराला आडवा जोडलेला तो अर्धा ‘र’ दोन रीतींनी टंकता येतो. एकानं साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारी जोडखूण अशा तीन कळा दाबलेल्या. दुसऱ्यानं नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त. माणसाला दोन्ही एकच दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द. दोष उबुंटूचा नाही, विंडोजवरही हेच होतं. मराठीत शेतकऱ्यापासून कुऱ्हाडीपर्यंत सगळीकडे हा ‘र’ आहे, म्हणजे शोधातून निसटणाऱ्या शब्दांची यादी लांब. आमच्या शाखेत आता एकच रीत ठरवलीये. ती ठरवायला कुठलाही शासन निर्णय लागला नाही, दोन टेबलांमध्ये बोलणं झालं तेवढंच.

४:५०

धुळे जिल्ह्यातल्या एका कोर्टातून फोन. तिथला लिपिक नवीन. पीडीएफ अपलोड होत नाही म्हणतो. फाइलच्या नावात मराठी अक्षरं आणि मधे मोकळी जागा. नाव बदलायला सांगितलं, गेली. तीन मिनिटं. ही तीन मिनिटं कुठल्याही खर्चपत्रकात धरलेली नसतात, आणि प्रकल्प चालतो तो त्यांच्यावर.

५:४०

आजचे आदेश चढवले. ज्या खटल्यांत नुसती तारीख पडली ते एका दमात झाले, जामिनाचा एक आदेश साहेबांनी पुन्हा वाचायला मागितला म्हणून थांबलो. आमचे आकडे इथून वर जातात आणि राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर दिसतात. ते पान २०१५ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. कोणत्या जिल्ह्यात किती खटले किती वर्षांपासून पडून आहेत, हे कुणीही उघडून बघावं. अधीक्षक साहेबांना हे फारसं आवडत नाही. “आपलं कपाट रस्त्यावर मांडल्यासारखं,” म्हणतात. मला वाटतं, या सगळ्या खटाटोपात याच्याइतकं मोलाचं काही नाही. २०२३ मध्ये ७,२१० कोटींचा तिसरा टप्पा मंजूर झालाय, जुने कागद स्कॅन करण्यावर त्यात भर आहे. आमच्या रेकॉर्ड रूममधले बस्ते पाहिले तर ती रक्कम मोठी वाटत नाही.

उद्याचा बोर्ड तयार केला. लीगलचा कागद प्रिंटरमधून काढून ए-फोर भरला.

रात्री ८:३०

जेवण झाल्यावर बायकोनं शाळेचा लॅपटॉप समोर ठेवला. तो ती आजच घेऊन आली होती, माझ्या ‘बघू’वर विश्वास न ठेवता. पेन ड्राइव्हवरून उबुंटू चालवून दाखवलं. यंत्रात काही न घालता तसं बघता येतं. प्रोजेक्टरची जोडणी घेतली, आवाज आला, मराठी टंकता आलं. भूमितीसाठी जिओजेब्रा उघडून दिलं, त्यात तिनं त्रिकोण ओढून पाहिला आणि पाच मिनिटं माझ्याकडे बघितलंच नाही.

मग म्हणाली, “केंद्रशाळेकडून येते ती एक्सेलची फाइल उघडेल?”

उघडली. आकडे बरोबर, पण एक बटण चालेना, आत मॅक्रो होता. तेव्हा दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवायच्या ठरल्या. ती एक फाइल जुन्यात भरायची, बाकी सगळं नव्यात. शुद्ध तत्त्ववाल्यांना हे रुचणार नाही. त्यांना महिन्याच्या पाच तारखेला केंद्रावर माहिती द्यायची नसते.

“आणि मंगळवारी अकराला अडलं तर? तुम्ही फोन उचलता का अकराला?”

नाही उचलत. पुकारा चालू असतो, फोन ड्रॉवरमध्ये. मी तिला केरळातल्या त्या मुलांच्या गटांचं सांगितलं. तिनं जरा विचार केला. सातवीत दोन मुली आहेत, आताच प्रोजेक्टर तिच्याआधी सुरू करतात. त्यांना शिकवायचं. यंत्र सुरू करणं, छपाईची रांग मोकळी करणं, दोन्हींपैकी कोणती प्रणाली कधी उघडायची, आणि पासवर्ड कागदावर लिहून भिंतीला न चिकटवणं. सातवीच्या मुली पुढच्या वर्षी हायस्कूलला जातील, म्हणून सहावीतलीही एक बरोबर घ्यायची.

येत्या आठवड्यात दुसरा शनिवार आहे. कोर्टाला सुट्टी, तिची शाळा सकाळची. मुख्याध्यापकांना विचारायचं तिनं अंगावर घेतलं, मी दुसरी पेन ड्राइव्ह तयार करायला लावली.